टाकीतली गदा

गंजगोलाईत विचारलं.
थर्माकोलची गदा, साडेतीनशे.
हातात घेतली, परत ठेवली.
शिवलीला काही बोलली न्हाई,
दुकानातल्या मुकुटाकडं बघत राहिली.
सातवीतली पोर, वर्गात सगळ्यांत उंच,
म्हणून बाईंनी तिलाच भीम केलं.

घरी आलो. डोकं खाजवलं.
मडकं फुटंल. नारळ जड.
फुटबॉल शेजारच्या अरबाजचा, तो देईना.
मग छताकडं बघितलं
आन् आठवलं.

टाकीत एक गोळा आहे, काळा, प्लास्टिकचा,
लांब दांडीच्या टोकाला.
टाकी भरली की तो वर येतो
आन् नळाचं तोंड दाबून धरतो.
बसवताना नवाज मिस्त्री म्हणला होता,
“मामू, अब पानी वाया नै जाता.”
पाच वर्षं झाली.
आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी,
करंगळीएवढी धार, पाऊण तास.
टाकी कधी अर्ध्याच्या वर गेली न्हाई.
गोळा बिचारा खाली लोंबकळत,
कामाविना पगार खाल्ल्यासारखा.
मी टाकीत उतरलो, आटे फिरवले,
दांडीसकट त्याला उजेडात आणलं.

दांडीवर सायकलच्या पंपाचं नळकांडं.
गळ्याला कुकरची जुनी रिंग,
महानंदानं फेकलेली,
म्हणजे डब्यात ठेवलेली,
ती काहीच फेकत न्हाई.
त्याच डब्यात बांगड्यांचे तुकडे,
कुणाच्या तरी लग्नपत्रिकेतला गणपती,
पावडरच्या डबीचं झाकण.
झाकण वर चिकटवलं, झाला कळस.
मैद्याची खळ, पेपराचे तीन थर.
नवरदेव, टेंडर नोटीस, तुरीचे भाव,
सगळं गेलं आत.
मुठीला मिलमधली सुतळी,
पोत्याचं तोंड शिवतात तशी घट्ट.
वरनं सोनेरी रंग,
महालक्ष्म्यांच्या मखरातून उरलेला, तळाशी बसलेला,
टर्पेंटाईन टाकून ढवळला.

पोरीनं एका बोटावर तोलली.
“अप्पा, ही तर पिसावानी हाय.
लोक हसतील मला.”

मग मी तिला शिकवलं.
वीस वर्षं डाळमिलमध्ये हमाली,
दुसरं काही मपल्यापाशी न्हाईच.
आधी पाय रोव.
गुडघ्यात वाक, कमरेत न्हाई.
उचलायच्या आधी तिच्याकडं बघ,
जडाकडं माणूस आधी बघतो.
श्वास घे. धर.
आता उचल,
खांदा जरा उशिरा येऊ दे.
तिनं केलं.
महानंदा भाकरी थापायची थांबली.
“तुमी घरी येताना असं दिसत न्हाईत,” म्हणली.
पोतं मी गेटापाशी ठेवून येतो, म्हणलं.
मग वाटलं, उगाच बोललो.

गॅदरिंगला मैदान भरलं होतं.
दुर्योधन कुण्या शेटजीची पोर,
तिची गदा साडेतीनशेची,
एका हातात गरागरा फिरवत होती.
शिवलीला आली. थांबली.
गदेकडं बघितलं.
गुडघ्यात वाकली.
पुढच्या रांगेतलं एक म्हातारं
आपसूक म्हणलं, “जपून, लेकरा.”

टाळ्या चालू, तेवढ्यात फोन. अरबाजची आई.
“भाई, तुमारी टाकी भर को गिर रई!
पूरी गल्ली बाल्टियाँ ले को खडी है!”
कसं कोण जाणे,
त्याच संध्याकाळी नळ चार तास सुटला होता.
पोचलो तर भिंत वरपासून खालपर्यंत ओली,
गल्लीतले हंडे, घागरी, पातेली, एक पाळणासुद्धा,
आन् भिंतीला टेकून
अरबाज साबण लावून उभा.
मी ओरडणार होतो.
कुणावर, ते सुचेना.

दुसऱ्या दिवशी गोळा परत टाकीत.
पेपर निघाला, सुतळी निघाली,
रंग मात्र पुरता निघंना.
आंघोळीच्या बादलीत अजून
सोनेरी कपचे येतात.
काल मुकादम म्हणला,
“बसप्पा, खांद्याला काय चमकतंय रे?”
पुढं पन्नास किलोचं पोतं होतं.
मी आधी त्याच्याकडं बघितलं.